आधी जेवून घे

“अजून थोडं घे.”

“बास रे. झालं माझं.”

“घे गं. मग दुपारपर्यंत काही मिळायचं नाही.”

असं म्हणून मी आईच्या ताटलीत उप्पीट वाढलं. चांगलं डावभर वाढलं. त्यावर पांढऱ्या चीजचा तुकडा ठेवला, दह्याची वाटी पुढं सरकवली. आईनं ताटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि खाली मान घालून मुकाट्यानं खायला लागली.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. अल्बेनिया नावाचा देश आहे, ग्रीसच्या वरच्या अंगाला. नकाशात बोटभर दिसतो, पण आत शिरलं की डोंगर संपता संपत नाहीत. तिथल्या वालबोना नावाच्या दरीत, नदीकाठी, फातिमे म्हणून एका म्हाताऱ्या बाईच्या कुरणात आमची कॅम्परव्हॅन उभी होती. व्हॅनमध्ये आम्ही चौघं. मी, माझी बायको शर्वरी, नऊ वर्षांची ईरा, आणि गडहिंग्लजहून आलेली माझी एकाहत्तर वर्षांची आई. मी तेव्हा जर्मनीत नोकरीला होतो, अजूनही आहे. तीन वर्षं आईच्या मागं लागलो होतो, ये म्हणून. शेवटी आली. येताना देवांचा डबा आणला, दोन किलो शेंगदाण्याची चटणी आणली, आणि विमानतळावरच मला बजावलं, “सहा आठवडे. वर एक दिवस नाही. गुंडूची तब्येत बरी नसते.”

गुंडू म्हणजे माझा मामा. आई पंधरा वर्षांची असताना माझी आजी वारली, तेव्हा मामा आठ वर्षांचा. आईनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच अट घातली होती, भाऊ माझ्याबरोबर येईल. आणि खरंच, मामा बहिणीच्या पाठोपाठ तिच्या सासरी आला, मॅट्रिक होईपर्यंत आमच्याच घरी राहिला. तिला तो अक्का म्हणायचा. पुढं त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्न केलं, वेगळं घर केलं, पण रोज सकाळी अक्काच्या हातचा चहा घेतल्याशिवाय त्या दुकानाचं कुलूप निघालं नाही.

आता मी आईला एवढं आग्रहानं का वाढत होतो ते सांगतो. एरवी मी वाढणाऱ्यातला नव्हे, माझ्या ताटात पडलेलं खाणाऱ्यातला. पण अर्ध्या तासापूर्वी मी पाण्याचे कॅन भरायला पुलापर्यंत गेलो होतो. त्या दरीत फोनला रेंज फक्त पुलावर यायची. तिथं खिशातला फोन एकाएकी वाजायला लागला, तो थांबेचना. उमेशचे अकरा मिस्ड कॉल. उमेश म्हणजे मामाचा मुलगा.

“दादा, बाबांना कोल्हापूरला आयसीयूत ठेवलंय,” तो म्हणाला. “हार्टचं आहे. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवसांचं काही खरं नाही. पण शुद्धीवर आहेत. सारखं अक्का कुठं आहे विचारालेत. आत्याला घेऊन ये रे. जमतंय तेवढ्या लवकर ये.”

“आणतो,” मी म्हटलं. त्या क्षणी मनापासून म्हटलं.

तिराना, म्हणजे तिथली राजधानी, तिथून पाचसहा तासांवर. संध्याकाळचं विमान मिळालं असतं तर बुधवारी मुंबई, आणि फार तर गुरुवारी सकाळी कोल्हापूर. पुलावर उभ्या उभ्याच मी हा हिशेब केला होता.

आमच्या घरात वाईट बातमी उपाशी पोटी सांगत नाहीत. एकदा ऐकल्यावर माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, पुढं किती वेळ उतरणार नाही ते सांगता येत नाही, म्हणून आधी चार घास पोटात जाऊ द्यायचे. माझे वडील गेले तेव्हा मी सांगलीला हॉस्टेलवर होतो. सकाळी दारात गुंडूमामा उभा. “चल, जेवायला जाऊ,” म्हणाला. खानावळीत नेलं. मला वाढायला लावलं, परत वाढायला लावलं, स्वतः पाण्याचा पेला धरून समोर बसला. मी आपला बडबडतोय, परीक्षेचं, मेसचं, मास्तरांचं. मामा हूं हूं करतोय. शेवटचा भात संपला, मी हात धुऊन आलो, तेव्हा म्हणाला, “दिगू, घरी जायचं. दाजी गेले.” त्याला तसं सांगून धाडणारी आईच होती. जेवू घाल आधी, म्हणाली होती.

म्हणून त्या मंगळवारी मीही आईला आधी खाऊ घालत होतो. बातमी ओठांवर होती.

आईनं ताटली चाटूनपुसून स्वच्छ केली. खाली ठेवली. हात धुतले, पदराला पुसले, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्यासमोर ताठ बसली.

“बोल,” म्हणाली.

“काय?”

“काही सांगायचंय का तुला?”

तेवढ्यात ईरा धावत आली. तिच्या कडेवर फातिमेच्या शेळीचं करडू, चार दिवसांचं. “आजी, बघ, बघ, याचे कान बघ ना! घे ना तू!” ते करडू तिनं आईच्या मांडीवरच टाकलं. आईनं त्याला धरलं, पाठीवरून हात फिरवला, पण बघत होती माझ्याकडं.

आणि मी कच खाल्ली. काय सांगू तुम्हाला! मी माणूस वाईट नाही हो. पण भित्रा आहे, आणि भित्र्या माणसाला कारणं फार लवकर सुचतात. मला वाटलं, मामा याआधी दोनदा असाच दवाखान्यात गेला होता आणि दोनदा हसत परत आला होता. वाटलं, ही एवढी लांबची दगदग, त्यात हिचं ब्लडप्रेशर, वाटेत हिलाच काही झालं तर? वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा हिनं स्वतःसाठी चार दिवस काढलेत, तेही नासवू? हे सगळं खरं होतं. आणि हेही खरं की, तीन महिने खपून मी त्या सहलीचा आराखडा केला होता. कुठल्या दिवशी कुठला घाट, कुठली बोट, सगळं तासातासाचं. तो मोडायचं माझ्या जिवावर आलं. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं, आज करतो.

“नाही गं,” मी म्हटलं. “काय सांगायचंय? आज धबधब्यापर्यंत चालत जायचंय, एवढंच.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“बरं,” आई म्हणाली. तिनं करडू ईराच्या हातात दिलं आणि उठली.

व्हॅनच्या मागं शर्वरीनं मला गाठलं. तिला मी पुलावरून आल्या आल्या सांगितलं होतं.

“सांगितलंस?”

“नाही. थांब जरा.”

“थांब काय? दिगंबर, तो माणूस तिची वाट बघतोय.”

“मामा आहे तो. असा तसा जायचा नाही. शनिवारी आपण तिरानाजवळ असणारच आहोत. तोवर बघू. तिथून लावून देतो विमानात.”

“आणि तोवर काही झालं तर?”

“अभद्र बोलू नकोस.”

“मी सांगते मग.”

“माझी आई आहे,” मी आवाज चढवला. “मला कळतं काय करायचं ते. तू मध्ये पडू नकोस.”

आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती, एवढ्या वर्षांत तिला मी असं कधी बोललो नव्हतो. ते तिनं मनाला लावून घेतलं आणि खरंच मध्ये पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं.

व्हॅनच्या पुढच्या बाजूला आलो तर आई कुठं दिसेना. ईरा म्हणाली, “आजी नदीवर गेली.”

धावलो. वालबोनाची नदी म्हणजे वितळलेलं बर्फ. आदल्या दिवशी मी पाय घातला होता, दहा मोजेपर्यंत घोटे बधिर झाले होते. आणि त्या पाण्यात आई नेसत्या लुगड्यानिशी गुडघाभर आत बसली होती, तांब्यानं डोक्यावर पाणी ओतत होती. ओठ निळे पडले होते.

“आई! अगं वेड लागलं का तुला? ऊठ! न्यूमोनिया व्हायचाय का?”

तिनं अजून एक तांब्या ओतला. मग माझा हात न धरताच बाहेर आली.

“व्हॅनमध्ये गरम पाणी आहे, बटण दाबलं की येतं, शंभरदा सांगितलंय ना?” मी ओरडत होतो.

“वाहतं पाणी दिसलं, बसले,” आई म्हणाली. दात वाजत होते. “ओरडू नकोस. पोरगी घाबरेल.”

फातिमेनं लांबून बघितलं असावं. ती आली ती गोधडीसारखं जाड पांघरूण घेऊन. आईला त्यात गुंडाळलं, शेगडीजवळ नेऊन बसवलं, पुढ्यात काळ्या कॉफीची इवलीशी कपबशी ठेवली. त्या दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. फातिमेनं आईच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, मग तिच्या गुडघ्यावर हात ठेवून शेजारी बसून राहिली. चांगला तासभर. मी दोनदा तिथून गेलो, तर दोघी तशाच बसलेल्या. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्यांचं बरं जमलं.

दुपारी मी आईच्या पिशवीतला तिचा फोन काढला. “चार्जिंगला लावतो,” म्हटलं. “इथं रेंज तशी नाहीच म्हणा.”

“ने,” आई म्हणाली. परत कधी येईल ते तिनं विचारलं नाही.

संध्याकाळी दिव्याची वेळ झाली. आईचा देवांचा डबा व्हॅनच्या खिडकीपाशी असायचा, त्यात अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण. रोज संध्याकाळी ती पाच मिनिटं निरांजन लावायची. मी खिडकी उघडून जवळ उभा राहायचो, आग लागेल या भीतीनं. आई त्यावरून मला चिडवायची. म्हणायची, “देवाला हवा घालतोय माझा लेक.” त्या दिवशी तिनं ईराला हाक मारली.

“आजपासून तू लाव गं दिवा.”

“मी? काडी मी ओढू?”

“ओढ की. मोठी झालीस आता.”

ईराला कोण आनंद झाला. पण तिला काडी पेटवता येईना, दोन मोडल्या. मी पुढं झालो. “दे इकडं, मी लावतो.”

“तू नको,” आई म्हणाली. एकदम म्हणाली, जरा जोरातच. मग आवाज खाली आणून, “लावू दे तिला. शिकेल.”

मला वाटलं, सकाळच्या ओरडण्याचा राग आहे अजून. रात्री ती वर बिछान्यावर चढली नाही, खाली सतरंजीवर निजली. तेही मी रागातच धरलं. कंबर दुखतेय, असं ती ईराला सांगत होती.

बुधवारी बोटीतून गेलो. त्या भागात डोंगरांच्या मधून एक लांबलचक जलाशय आहे. मोटारीसकट बोटीत चढायचं आणि दोनअडीच तास दोन्ही अंगांच्या कड्यांमधून जायचं. फोटोत बघितलं होतं तेव्हापासून माझ्या मनात होतं, आईला हे दाखवायचं. आई कठड्याला धरून उभी राहिली. आभाळ भरून आलं होतं, पाणी काळंशार दिसत होतं. मी कड्यावरचं एकुलतं एक घर दाखवलं. म्हटलं, “बघ, तिथं रस्ताच नाही. बोटीनंच यायचं-जायचं.”

“म्हणजे माणूस गेलं तर कळवायला कोण जात असेल?” आई म्हणाली.

ते घर मागं पडेपर्यंत ती तिकडंच बघत होती.

दुपारी श्कोदर नावाच्या गावाजवळ, मोठ्या तळ्याच्या काठी एका कॅम्पवर गाडी लावली. तिथं रेंज चांगली होती. आई तळ्याकडं तोंड करून खुर्चीत बसली, मी झाडामागं जाऊन उमेशला फोन लावला.

“थांब, बाबांनाच देतो,” उमेश म्हणाला. “पाच मिनिटं आत सोडलंय मला.”

मला नको म्हणायलाही सवड मिळाली नाही. मशीनची पीकपीक ऐकू आली, आणि मामाचा आवाज. बारीक झाला होता, पण मामाच.

“दिगू, काय कराल्यास रे?”

“मामा, कसं वाटतंय?”

“मला काय धाड भरलीय! अक्का कुठं हाय? तिला दे की जरा.”

अक्का माझ्यापासून वीस पावलांवर होती. तिचे पांढरे केस वाऱ्यानं उडत होते, तेही मला दिसत होते.

“झोपलीय मामा. दमलीय प्रवासानं.”

“उठवू नको मग,” मामा म्हणाला. “उठली की सांग. म्हणावं, गुंडू चहासाठी खोळंबलाय.”

झाडामागं मी बराच वेळ उभा होतो. आता जाऊन सांगायचं, असं तीनदा ठरवलं. तिराना तिथून दोन तासांवर. पण आता सांगायचं म्हणजे काल का सांगितलं नाहीस, हेही आलंच. एक दिवस लपवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी दुप्पट जड होते, याचा अनुभव मला आयुष्यात पहिल्यांदाच येत होता. आणि मामाचा आवाज तर चांगला वाटला की! चहा मागतोय म्हणजे सुधारतोय. अशी स्वतःची समजूत घालून मी परत आलो.

शर्वरीनं नुसतं माझ्या तोंडाकडं बघितलं. “त्या दोन दिवस नुसते उकडलेले बटाटे खातायत,” ती म्हणाली. “मीठ घालून. फोडणीचं नको म्हणतायत. तुझ्या लक्षात तरी आलंय का?”

“पोट बिघडलं असेल,” मी म्हटलं.

गुरुवारी उमेशचा फोन लागला नाही. दिवसभर ढग होते. आम्ही गावातला जुना किल्ला बघितला. आई खाली गाडीतच बसते म्हणाली. वरून मला व्हॅनची पांढरी चौकट आणि तिच्या दारात बसलेली आई दिसत होती. कोणीतरी सोडून गेल्यासारखी ती एकटीच बसली होती. आज सांगायचंच, म्हटलं. खाली उतरलो तर तिनंच विचारलं, “बघून झालं सगळं?” आणि मी किल्ल्याच्या गोष्टी सांगत सुटलो.

शुक्रवारी सकाळी फोन उघडला तर उमेशचा निरोप होता. बाबा पहाटे गेले. दुपारी नेतोय. आत्याला सांभाळ.

मी तो निरोप चार वेळा वाचला. मग व्हॅनकडं निघालो. वाटेत ठरवत होतो, कसं सांगायचं, कुठल्या शब्दांत. घास, जेवण, काहीकाही डोक्यात नव्हतं.

आत गेलो तर आई नुकतीच न्हालेली. कॅम्पच्या न्हाणीघरात गरम पाण्यानं न्हाऊन आली होती, केस मोकळे सोडले होते, धुतलेलं लुगडं नेसली होती. तिनं स्वतःच्या हातानं देव पुसले होते, निरांजन लावलं होतं. गॅसवर शिरा होता. तुपाचा वास भरला होता गाडीभर. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा टवटवी होती. शर्वरी दारात चहाचा कप घेऊन उभी होती, ईरा बाहेर खेळत होती.

“ये. बस,” आई म्हणाली.

मी तिच्या पायाशीच बसलो. “आई, मामा गेला.”

तिनं गॅस बारीक केला. “माहीत आहे मला,” म्हणाली.

“काय?”

“मंगळवारीच कळलं.”

“कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? तूच सांगितलंस.” तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. “अरे, उभ्या जन्मात मला कधी वाढलंस का तू? त्या दिवशी वाढायला लागलास, अजून घे, अजून घे म्हणून. आधी जेवून घे, हे तुम्हा सगळ्यांना शिकवलं कोणी? मीच ना? ताटात दुसऱ्यांदा उप्पीट पडलं तेव्हाच मला कळलं, माझा गुंडू गेला. तरी खाल्लं मी. तू एवढं वाढलंस म्हणून खाल्लं. म्हटलं, आता सांगेल. बोल म्हटलं तुला. पण तुझ्या तोंडातून शब्द फुटेना. मग म्हटलं, जाऊ दे. पोरीची सहल मोडू नये म्हणून गप्प बसतोय बिचारा, आपणही गप्प बसावं.”

मी मागं वळून शर्वरीकडं बघितलं.

“त्या नदीवर अंघोळ केली. तीन दिवस धरले, जमेल तसे. तुलाही लागतं रे मामाचं सुतक, म्हणून तुला दिव्याला हात लावू दिला नाही. आज सुटले, न्हाले, देवाला दिवा लावला. त्याला शिरा आवडायचा.” तिनं डोळे पुसले. “माझा राग नाही हो तुझ्यावर. एवढंच सांग, शेवटी त्रास झाला का त्याला? मंगळवारी किती वाजता गेला?”

माझ्या मागं शर्वरीचा कप बशीवर वाजला.

मंगळवारी सकाळी, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. माझ्या तोंडात आलेही होते. त्या दोन शब्दांवर सगळं भागलं असतं. आईनं मला माफ केलंच होतं. तिच्या भावासाठी तिनं करायचं ते सगळं यथासांग केलं होतं, आता शिरा खायचा आणि परत निघायचं. मी खरं बोललो ते काही सज्जन म्हणून नव्हे. उमेश तारीख सांगणार, दहावा-तेरावा त्या तारखेवर होणार, हे माझ्या लक्षात आलं म्हणून बोललो.

“आई, मामा आज गेला. आज पहाटे.”

तिचा हात माझ्या डोक्यावरच होता. तो तिथंच थांबला.

“आज?”

“हो.”

“म्हणजे मंगळवारी होता?”

“होता. आजारी होता. आयसीयूत. मी ते सांगणार होतो.”

“बुधवारी?”

“होता.”

“बोलत होता?”

मी मान हलवली.

“काय बोलत होता?”

“तू कुठं आहेस विचारत होता.”

“मग तू काय सांगितलंस?”

“झोपलीय म्हटलं.”

आईनं हात काढून घेतला. निरांजनाकडं बघितलं, शिऱ्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. ती रडली असती, मला चार मुस्काटात दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

“मी त्याच्या नावानं अंघोळ केली रे,” ती म्हणाली. “तो मला हाका मारत होता, आणि मी जित्याजागत्या भावाच्या नावानं अंघोळ केली. तीन दिवस त्याला मेलेला धरून बसले.”

“आई...”

“जाता आलं असतं?”

“गुरुवारी पोचलो असतो.”

“बरं,” आई म्हणाली. मंगळवारी म्हणाली होती तसंच.

तिनं गॅस बंद केला. ओले केस परत गाठ मारून बांधले. “टॉवेल दे गं,” शर्वरीला म्हणाली. मग दार धरून खाली उतरली आणि तळ्याकडं चालायला लागली. काठाशी थांबून मागं वळली. “तूही ये. तुझाही मामा होता.”

पाणी कोमट होतं. त्या तळ्यात लांबपर्यंत कमरेएवढंच पाणी. आम्ही मायलेक कपड्यांनिशी त्यात उभे राहिलो. आईनं नाक धरून बुडी मारली, एकदा, दोनदा, तीनदा. वर आली ती धापा टाकत.

“अजून काय म्हणाला?” तिनं विचारलं.

“चहासाठी खोळंबलाय म्हणाला.”

मग मात्र आई रडली. पाण्यात उभी राहून, तोंडावर दोन्ही हात घेऊन, लहान पोरीसारखी हुंदके देत रडली. मी जवळ गेलो. तिनं मला दूर लोटलं नाही आणि जवळही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिरानाहून तिला घेऊन निघालो. शर्वरीनं व्हॅन एकटीनं जर्मनीपर्यंत चालवत नेली. मामाच्या घरी आईनं कोणालाही, अगदी उमेशलाही, कळू दिलं नाही की मी काय केलं. उमेशला म्हणाली, “मीच म्हटलं, नको जाऊ या. मला वाटलं, बरा होईल तो.” सगळ्यांसमोर तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं. मी तिथंच खांबाला टेकून बसलो होतो, पण माझ्या तोंडून काही निघालं नाही. आजवर निघालेलं नाही.

आई आता ऐंशीची आहे. गडहिंग्लजलाच असते. कुठं ये म्हटलं तर येत नाही. फोनवर बोलते, ईराच्या कॉलेजचं विचारते, माझ्या गुडघ्याचं विचारते, जेवलास का विचारते. आमचं तसं बरं चाललंय.

मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. दुपारी आम्ही दोघंच जेवायला बसलो होतो. तिचा हात हल्ली थरथरतो, म्हणून भाताचं पातेलं मी माझ्याकडं ओढलं. बोलता बोलता, काही मनात नसताना, तिच्या पानात वाढायला गेलो. म्हटलं, “घे गं, अजून थोडा घे.”

आईनं पानावर हात आडवा धरला. तोंडातला घास तसाच राहिला. माझ्याकडं बघत राहिली, आणि हळूच म्हणाली,

“कोण गेलं?”